डायलिसिसचं इंजेक्शन नवजात बाळाला? (एपो)

सांगलीची_आत्या: भावाला परवा मुलगी झाली. जन्मली तेव्हा रडलीच नाही, बॅगने श्वास दिला. तालुक्याहून इथे आणेपर्यंत सहा तास उलटले, म्हणून कूलिंग (मेंदू वाचवायला बाळाचं अंग थंड ठेवणं) करणार नाही म्हणाले. रात्री झटके आले, आता फेनोबार्बवर (झटक्यांचं औषध) काचेत आहे. अमेरिकेतल्या चुलतभावाने ‘एपो’बद्दल पाठवलंय. दादा हट्टाला पेटलाय, मेडिकलमधून स्वतः आणतो म्हणतो. डॉक्टर नकोच म्हणतात. खर्चाकडे बघून तर नाही ना?

पेटीवाला_डॉक्टर: नाही हो. एपो म्हणजे एरिथ्रोपोएटिन, रक्त वाढवणारं इंजेक्शन. ते दुर्मीळ नाही, डायलिसिसच्या पेशंटना सर्रास देतात. अमेरिकेत ‘हील’ ट्रायलमध्ये अशाच ५०० बाळांपैकी साधारण निम्म्यांना ते मोठ्या डोसने देऊन पाहिलं, कूलिंगच्या जोडीला. २०२२ मध्ये निकाल आला: मृत्यू किंवा अपंगत्व एपो गटात ५२.५ टक्के, दुसऱ्या गटात ४९.५. फायदा शून्य, उलट गंभीर त्रास जास्त. कूलिंगशिवाय एपो दिलेल्या छोट्या अभ्यासांनी आशा दाखवली होती, पण तेवढ्यावर वॉर्डात देत नाहीत. कुणी ट्रायलमध्ये घेतो म्हणालं तर सीटीआरआय (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि संमतीपत्र मराठीत मागा. दादांना मात्र मेडिकलच्या दारातून परत फिरवा.

आणि ते सहा तास मनाला लावून घेऊ नका. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ७ रुग्णालयांत (आपलं सायनही त्यात) ‘हेलिक्स’ ट्रायल झाली, ४०८ बाळं. थंड केलेल्यांत मृत्यू ४२ टक्के, न केलेल्यांत ३१. आमच्यात यावर अजून वाद चालतो, पण कूलिंग हुकलं म्हणजे सगळं हुकलं असं नाही.

तळहात: आमच्या मुलालाही एचआयई (जन्मावेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडून होणारी इजा) होता. एमआरआय कधी करणार ते आत्ताच विचारून ठेवा. घरी आल्यावर अंगठा सतत मुठीत दाबलेला दिसला तर लगेच दाखवा, आम्हाला तो उशिरा कळला. सिव्हिलमधल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरणारं सरकारी केंद्र) थेरपी मोफत असते. आणि वहिनींना कुणी ‘कळा नीट दिल्या नाहीत’ वगैरे ऐकवत असेल तर तोंड बंद करा त्यांचं.

सांगलीची_आत्या: ऐकवतायत ना, सासूबाईच. दादाला डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं. पहिल्यांदा चिडला, मग म्हणाला निदान तो एमआरआय कधी ते तरी विचारून येतो. सध्या दूध नळीने ५ मिली चाललंय.

पेटीवाला_डॉक्टर: दूध पचतंय ना? पोट फुगत नाही ना, एवढं बघा. दूध वहिनींचंच जाऊ द्या.