मदत हवी आहे: रोरी गॅलहरची जुनी एलपी आणि बुरशी

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. आमच्या शेजारचे काका तारवटी होते, आयुष्य बोटीवर गेलं. घर आवरताना त्यांनी मला रोरी गॅलहर या आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादकाच्या 'आयरिश टूर ७४' या दोन एलपींचा संच दिला. जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कला झालेल्या कार्यक्रमांचं हे रेकॉर्डिंग. बेलफास्टमध्ये तेव्हा बॉम्बस्फोट चालू होते, बाहेरचे बँड तिकडे फिरकत नसत. हा मात्र जायचाच. 'अ मिलियन माइल्स अवे' मी मोबाइलवर ऐकलंय. रंग उडालेल्या त्या १९६१ च्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारमधून काय आवाज काढतो हा माणूस! त्याच्या स्टुडिओतल्या रेकॉर्ड मला त्यापुढे जरा फिक्याच वाटतात (मारू नका).

अडचण अशी की आपल्याकडच्या पावसाळ्याने तबकड्यांवर पांढरी बुरशी धरलीय. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने निघेल, की आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळावं लागेल? कागदी लेबल सांभाळून कसं करायचं? फोंडा, पणजी, म्हापसा भागात कुणाकडे रेकॉर्ड धुण्याचं मशीन असेल तर पैसे देऊन करून घेईन. साफ होईपर्यंत प्लेअरवर लावत नाही, सुई खराब व्हायची.

दुसरं, २०१४ मध्ये याच दौऱ्याचा ७ सीडी आणि १ डीव्हीडीचा मोठा संच निघाला. कुणी पूर्ण ऐकलाय का? तिन्ही शहरांपैकी आधी कुठलं ऐकू?