विषय: मिठाच्या पाण्याचा स्विमिंग पूल, सेल किती टक्के आणि पंप किती तास?

सगळ्यांना नमस्कार,
सिंधरोटकडच्या आमच्या फार्महाऊसवर छोटा पूल आहे, साधारण ६०,००० लिटरचा. पाण्यातल्या मिठापासून क्लोरिन बनवणारी सेल तासाला २० ग्रॅमची. मार्चपर्यंत ५० टक्क्यांवर सहा तास पंप चालवला की काही बघावं लागायचं नाही, आता मे लागला आणि संध्याकाळी टेस्ट केली की क्लोरिन जवळजवळ शून्य. बसवून देणारा म्हणतो १०० वर टाका. आई रोज सकाळी पोरांना घेऊन उतरते म्हणून जीव खालीवर होतोय. पंप दिवसभर चालवायचा का? लाइट बिल आत्ताच वाढलंय.

---

ताई,
१०० वर टाकायची घाई करू नकोस, आधी हिशोब बघ. १००० लिटरला १ ग्रॅम क्लोरिन म्हणजे १ पीपीएम, म्हणजे तुझ्या पुलाला १ पीपीएम साठी ६० ग्रॅम लागतात. २० ग्रॅमची सेल, अर्ध्यावर, सहा तास, बरोब्बर ६०. थंडीत तेवढं पुरलं, पण बडोद्याचं मे महिन्याचं ऊन दिवसाला त्याच्या दुप्पट-तिप्पट खातं, आणि पाण्यात स्टॅबिलायझर (सायन्युरिक ॲसिड) कमी असेल तर तू कितीही बनव, ऊन ते तासाभरात अर्ध्यावर आणतं. म्हणून आधी स्टॅबिलायझर मोज. मिठाच्या पुलाला ७० च्या आसपास हवं. १० पीपीएम वाढवायला तुला ६०० ग्रॅम लागेल, जुन्या मोज्यात भरून पाणी जिथून पुलात परत येतं तिथे लटकव, आणि जरा कमीच टाक, कारण जास्त झालं तर पाणी काढून टाकण्याशिवाय उपाय नाही.

टक्के म्हणजे पंप चालू असताना सेल किती वेळ चालू राहते ते, पंप बंद म्हणजे सेलही बंद. त्यामुळे आठ तास पंप आणि ७५ टक्के धरलंस तर १२० ग्रॅम, म्हणजे रोजचे २ पीपीएम, स्टॅबिलायझर नीट असेल तर बहुतेक भागेल. मग चार-पाच दिवस रोज एकाच वेळी मोजून ५-५ टक्क्यांनी वरखाली कर. तासांना हात शेवटी लाव, बिल तिथेच वाढतं.

आणि शून्यावरून वर आणायचं काम सेलकडून करून घेऊ नको, तिला फार वेळ लागतो. १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरिन तीन लिटर, सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून. त्याच रात्री मोज, परत सूर्य उगवायच्या आत मोज. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त गेलं तर उन्हाचा दोष नाही, पाण्यात शेवाळ धरतंय. तोवर पोरांना उतरवू नको बाई.

सेल उघडून बघितलीस का? आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात या सेलमुळे पीएच सारखा वर चढतो, मग प्लेटांवर पांढरी खपली बसते आणि आकडा कितीही दाखवला तरी क्लोरिन कमी बनतं. पीएच ७.८ च्या वर जाऊ देऊ नको. खपली असेल तर चार भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड, ॲसिड पाण्यात घालायचं, उलटं कधीच नाही, उघड्यावर, आणि क्लोरिनचा कॅन जवळपासही नको. उगाच दर महिन्याला धुवू नको, प्लेटांवरचा लेप उडतो.

---

काका, खूप खूप आभार.
स्टॅबिलायझर फक्त २० निघालं! तीन किलो घातलं. सेल उघडली तर दोन प्लेटांच्या मधली फट नखाएवढ्या जाड खपलीने बुजलेली, भावाने धुतली. क्लोरिन वर आणल्यावर रात्रीत अर्धा पीपीएमच गेलं म्हणजे शेवाळ नाही. आता आठ तास, ७५ टक्के, आज दहावा दिवस, संध्याकाळी टेस्टमध्ये गुलाबी रंग जायला दहा थेंब लागले, थेंबाला अर्धा म्हणजे ५ पीपीएम. आई परवापासून परत उतरतेय. मीठ २९०० पीपीएम आहे, पहिला मोठा पाऊस झाला की परत मोजते, ५०० कमी झालं तर ३० किलो, बरोबर ना?

---

बरोबर. बिनआयोडीनचं घे, आणि पंप चालू ठेवूनच टाक.