राष्ट्रगीताला पोरं गुडघ्यावर बसली, माफीनाम्यावर सही करू का?

फौजी_नाना (अमळनेर तालुका)
राम राम मंडळी. १७ वर्षं फौजेत होतो, आता कपाशी आणि दोन म्हशी. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की आमच्याकडे कबड्डीचे सामने असतात. यंदा सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं आणि गावच्याच संघातली पोरं एक गुडघा टेकून बसली. मान खाली, तोंडातून शब्द नाही. मी स्टेजवर, अंगावर शाल. हातातला नारळ कुठं ठेवावा कळेना, तसाच सावधान उभा राहिलो.

ही सगळी भरतीवाली पोरं. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचे म्हणून पहाटे पावणेपाचला मैदानावर असतात. त्याच मैदानात रस्त्याच्या ठेकेदारानं आठ महिन्यांपासून खडी टाकून ठेवलीय. तीन अर्ज झाले. अंधारात एकाचा पाय खडीवरून सरकला, घोटा मोडला, भरती हुकली. आता गंमत बघा, प्लास्टरमुळे त्याला गुडघा टेकता येईना, म्हणून तो एकटाच कुबडी धरून उभा होता.

दुपारपर्यंत माफीनामा टाइप होऊन आला : 'आम्ही सैन्याचा अपमान केला.' खाली पोरांच्या सह्या, साक्षीदार म्हणून माझी. पारावरचे एक आबा म्हणाले, "नाना, तुम्हले राग उना का?" खोटं कशाला बोलू, आला होता. चांगला आला होता. पण तो कुबडीवाला काही डोळ्यांपुढून हलत नाही. सही करू का?

केळीवाला_रावेर
करा. बावन्न सेकंद उभं राहवत नाही? नंदुरबारचा शिरीषकुमार शाळकरी पोर होता, १९४२ मध्ये झेंडा हातात धरून गोळ्या खाल्ल्या त्यानं. खडीसाठी तहसीलवर जा, रस्ता अडवा, मी केळीचा ट्रक आडवा लावतो. झेंड्यापुढं नको.

वकीलसाहेब_धुळे
कायद्यापुरतं सांगतो. राष्ट्रीय सन्मानाचा अपमान रोखणाऱ्या १९७१च्या कायद्याचं कलम ३ राष्ट्रगीत मुद्दाम अडवणाऱ्याला किंवा त्या वेळी गोंधळ घालणाऱ्याला लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. केरळातली तीन शाळकरी भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची पण गात नव्हती. शाळेनं काढलं आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. ती उभी होती, ही बसली. एवढा फरक आहे आणि तो लहान नाही. म्हणूनच 'अपमान केला' असं स्वतःच्या हातानं लिहून देऊ नका म्हणावं. उद्या पोलीस पडताळणीत तोच कागद पुढं आला तर?

भुसावळ_यार्ड
नाना, पोरांनी हे मोबाइलवर बघितलं असणार. अमेरिकन फुटबॉलमधला कॉलिन केपर्निक. काळ्या लोकांवरच्या पोलिसी अत्याचारांविरुद्ध २०१६ मध्ये तो आधी राष्ट्रगीताला नुसता बाकावर बसून राहायचा. नेट बोयर म्हणून एक माजी कमांडो, त्याला ते लागलं. त्यानं केपर्निकला जाहीर पत्र लिहिलं, मग दोघं भेटले. बसू नकोस, गुडघा टेक, शहीद साथीदाराच्या थडग्यापुढं आम्ही तसेच टेकतो, हे त्या फौजीनंच सुचवलं. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत केपर्निक टेकला, बाजूला बोयर छातीवर हात ठेवून उभा. त्या दिवशी सामना नेमका सैन्याच्या सन्मानाचा होता!

आणि २०१५ मध्ये तिथल्याच दोन सिनेटरांनी उघड केलं होतं की मैदानावरच्या असल्या सन्मानांसाठी संरक्षण खातं संघांना पैसे मोजत होतं. तुमची शाल तरी गावकीच्या वर्गणीतली.

केळीवाला_रावेर
पुढचंही सांगा ना. त्या हंगामानंतर त्याला एकाही संघानं घेतलं नाही. आपल्या पोरांचं तेच करायचंय का?

भुसावळ_यार्ड
हे मात्र खरं. पोरांच्या कानावर घालाच.

फौजी_नाना
सगळ्यांचे आभार. काल पोरांना ओट्यावर बोलावलं. आधी झापलं. राष्ट्रगीताला सावधान, बाकी भांडण नंतर, मी तेच शिकलोय आणि ते बदलायचं नाही. मग वकीलसाहेबांचं म्हणणं सांगितलं. त्यातलं एक म्हणालं, "नाना, आम्ही तर फौजेतच जायला रडतोय."

कागद परत केला. 'सैन्याचा अपमान' खोडा म्हटलं. सैन्याला विचारलं कोणी? मला तरी कोणी विचारलं नव्हतं, शाल तेवढी दिली. सरपंच फुगलेत. चौथा अर्ज आज मी माझ्या नावानं दिला, हवालदार, निवृत्त, असं ठळक लिहून. पोरं सध्या डांबरी रस्त्यावर धावतात, पहाटे उसाचे ट्रॅक्टर जातात त्या बाजूनं. मी बॅटरी घेऊन वळणावर उभा राहतो.