गिधाडं कोणी मारली? गोष्टीत व्हिलनच नसेल तर काय करायचं?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचा आठ-दहा जणींचा वाचनाचा ग्रुप आहे. पुढच्या महिन्याचा विषय 'पर्यावरण आणि आपली जबाबदारी'. प्रत्येकीने एक पुस्तक किंवा सिनेमा आणि त्याला लागून विज्ञानातली एक खरी गोष्ट, अशी जोडी लावून बोलायचं. मी उत्साहात गिधाडं घेते म्हणाले आणि आता अडकून बसलेय.

माझं माहेर सांगोल्याकडचं. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती, तिथे गिधाडांची ही गर्दी, शाळेतनं येताना आम्ही नाक दाबून पळायचो. मी दहावीला जाईपर्यंत होती. मग कधीतरी नव्हती. गेली असंसुद्धा कुणी बोललं नाही, माझ्या तर कितीतरी वर्षं लक्षातच आलं नाही.

आता वाचायला घेतलं तर अंगावर काटा आला. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ एवढ्यात हजारामागे एक उरली. पंधरा वर्षांत! राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे) विभू प्रकाश आधीपासून मोजत होते, नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांना घरटी ओस दिसायला लागली, पक्षी मान खाली टाकून झाडावर बसलेले आणि मग खाली मरून पडलेले. रोगाची साथ असेल, कीटकनाशक असेल असं सगळं बोलून झालं. शेवटी २००४ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाबात काम करणाऱ्या टीमने शोधलं की हे डायक्लोफिनॅक आहे. आपण गुडघेदुखीला घेतो ते. जनावराला टोचलं, जनावर दोन-तीन दिवसांत मेलं, गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची किडनी बंद.

माझी अडचण इथेच आहे. पर्यावरणाच्या गोष्टीत नेहमी कुणीतरी बिल्डर असतो, खाणवाला असतो, झाडं तोडणारा कंत्राटदार असतो, त्याला शिव्या घातल्या की आपण मोकळे. इथे कोणाला घालू? बैल लंगडतोय म्हणून जीव तुटून डॉक्टरला बोलावून आणणाऱ्या शेतकऱ्याला? आणि याच्याशी जुळणारं पुस्तक-सिनेमा कोणता घेऊ? सुचवा प्लीज.

टवाळ_पोरगं

जटायू घ्या. स्टोरी सगळ्यांना पाठ, कुणी पुस्तक न वाचता आलं तरी चालतंय.

बिनपडदा

टवाळरावांनी चेष्टेत लिहिलंय पण मुद्दा बरोबर आहे, जटायू घ्याच, पण एकटा घेऊ नका. त्याच्याशेजारी तेंडुलकरांचं 'गिधाडे' ठेवा. १९७० च्या सुमारास रंगमंचावर आलं तेव्हा काय गदारोळ झाला होता ते आमचे वडील सांगायचे. त्या नाटकात एकही गिधाड नाही. बाप, भाऊ, बहीण इस्टेटीवरून एकमेकांना ओरबाडतायत, आणि नाव मात्र पक्ष्याला. मला नाटक थोर वाटतं, त्याबद्दल वाद नाही, पण गिधाड बिचारं जिवंताला चोच लावत नाही हो! मेल्याशिवाय खाली उतरत नाही.

आणि हे फक्त तेंडुलकरांचं नाही, आपली भाषाच तशी आहे. लोकं गिधाडासारखी तुटून पडली, टपलेली गिधाडं, पेपरात रोज एक हेडिंग असतंच. एका बाजूला रामाने ज्याला वडिलांच्या ठिकाणी मानून अग्नी दिला तो गृध्रराज, इगतपुरीजवळ टाकेदला त्याचं तीर्थ आहे, यात्रा भरते, आणि दुसऱ्या बाजूला तोच पक्षी म्हणजे शिवी. वाघ कमी झाले तर पोस्टर लागतात. हे गेले तर तुम्हीच म्हणताय तसं, कुणी बोललंसुद्धा नाही. तुमच्या ग्रुपला एवढं पुरेल की.

पशुवैद्य_सातारकर

ताई, तुमच्या 'व्हिलन कोण' ला उत्तर द्यायचं तर आधी मीच हात वर करतो. तीस वर्षं सरकारी नोकरी केली, आता निवृत्त. नव्वदच्या दशकात हे औषध स्वस्त झालं आणि आमच्या बॅगेत आलं. त्याआधी सुजलेल्या पायाला, तापाला, कासदाहात दुखण्याला आमच्याकडे फारसं काही नसायचं. हे टोचलं की तासा-दोन तासांत बसलेलं जनावर उठून वैरणीला तोंड लावायचं, म्हातारी माणसं हात जोडायची. मी किती टोचली असतील हिशोब नाही. आणि जी जनावरं आधीच हाताबाहेर गेलेली असायची त्यांनाही शेवटी वेदना कमी व्हाव्यात म्हणून तेच, म्हणजे नेमकी मरणारी जनावरंच औषध घेऊन मरायची. हे लक्षात घ्या, सगळी ग्यानबाची मेख इथे आहे.

गिधाडाच्या शरीरात गेल्यावर होतं काय तर किडनी निकामी होते, युरिक ॲसिड बाहेर पडत नाही आणि आतल्या अवयवांवर पांढरी पूड धरल्यासारखं साठतं. शवविच्छेदनात लिव्हरवर खडूची भुकटी उधळल्यागत दिसतं. एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात, त्यामुळे प्रत्येक जनावरात औषध असायची गरजच नाही. शास्त्रज्ञांचा हिशोब असा निघाला की शंभरात एकापेक्षाही कमी मढ्यांत ते असलं तरी अख्खी जात कोसळायला पुरतं. त्यात गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, ती भरून काढणार कधी.

तेव्हा मला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. औषध पास करताना ते जनावराला चालतं का बघतात, दूध-मटण खाणाऱ्या माणसाला चालतं का बघतात, मेल्यावर त्याला खाणारा कोण आणि त्याला चालतं का, हा कॉलम फॉर्मवर कुठेच नव्हता.

पण २००६ नंतरचं मला माफ करता येत नाही. त्या साली जनावरांसाठी बंदी आली, मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे हेही तेव्हाच समोर आलं होतं. मग काय झालं? माणसांच्या इंजेक्शनची ३० मिलीची बाटली मेडिकलमध्ये मिळायची. माणसाला लागतं ३ मिली. ३० मिलीची बाटली कुणाच्या दंडाला टोचणार होते हे लोक? सगळ्यांना कळत होतं. ती मोठी बाटली बंद व्हायला २०१५ उजाडलं. मग दुसरी औषधं होतीच, ॲसिक्लोफिनॅक तर जनावराच्या पोटात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं, त्याच्यावर आणि किटोप्रोफेनवर जनावरांसाठी बंदी २०२३ ला. म्हणजे तुमची गोष्ट दोन भागांची आहे बघा. पहिल्या भागात व्हिलन नाही. दुसऱ्या भागात आहे, फक्त त्याचा चेहरा आमच्यासारखाच साधा आहे, 'एका बाटलीने काय होतंय' म्हणणारा.

भीमथडी

सातारकर सरांचा प्रतिसाद आवडला, प्रामाणिक आहे. पण धाग्यात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येईना म्हणून लिहितो. 'गावाबाहेर ढोरं टाकायची जागा होती.' टाकायचं कोण? ढोर आपल्या पायाने चालत जात होतं का?

माझे आजोबा ओढायचे. गोठ्यात जनावर मेलं की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं, चौघांनी बांबूला बांधून न्यायचं, कातडं सोलायचं, आणि वर गिधाडं नि घारी घिरट्या घालतायत, खाली कुत्री. दलित आत्मकथनं वाचा, त्यात गिधाडं भरपूर आहेत, पण ती कुणाला निसर्गाचे सफाई कामगार वाटत नाहीत, कारण सफाई कामगार खाली उभे होते. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला सांगितलं, मेलेलं ओढू नका, मेलेलं खाऊ नका. आमच्या लोकांनी सोडलं आणि बरं केलं.

म्हणून कुणी 'पूर्वी गावात कशी छान नैसर्गिक व्यवस्था होती' असं म्हटलं की मला खटकतं. ताई, तुम्ही म्हणालात असं म्हणत नाही, पण ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणेलच. गिधाडं परत यावीत हे मलाही मनापासून वाटतं. ती व्यवस्था नको.

आकडेमोड

+१ भीमथडी.

व्हिलन राहू दे, बिल बघा. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांचा, फ्रँक आणि सुदर्शन, पेपर आलाय अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये. जिथे आधी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे मुळातच कमी होती ते जिल्हे, दोन्हीकडचे मृत्यूदर औषध स्वस्त व्हायच्या आधी आणि नंतर असे लावून बघितले. गिधाडांवाल्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्यूदर चार टक्क्यांहून जास्त वाढलेला. त्यांचा अंदाज आहे २००० ते २००५ मध्ये सुमारे ५ लाख जादा मृत्यू. मढी सडली, पाण्यात गेली, भटकी कुत्री वाढली, कुत्र्यांबरोबर रेबीज. अंदाज आहे, त्यावर वाद घालता येईल, पण अर्धा कमी केला तरी छातीत धस्स होतं.

मुंबईत पारशी लोकांचा डुंगरवाडीचा, म्हणजे जिथे ते आपली प्रेतं गिधाडांसाठी ठेवतात त्या जागेचा, प्रश्न तर सरळच आहे. गिधाडं गेल्यावर तिथे सूर्याची उष्णता एकवटणारे सोलर कॉन्सन्ट्रेटर बसवावे लागले. मलबार हिलला राहणाऱ्याचा आणि कुठल्याशा खेड्यातल्या बैलाच्या इंजेक्शनचा संबंध असा लागतो.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

सिनेमा मी सांगते, 'ऑल दॅट ब्रीद्स', शौनक सेनचा, २०२२ चा, ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेलेला. डॉक्युमेंटरी आहे पण बोअर अजिबात नाही. दिल्लीतले दोन भाऊ, घराच्या तळघरात सोप डिस्पेन्सर बनवायचा धंदा आणि तिथेच जखमी घारींचा दवाखाना, खोक्यांतून घारी येतायत, मांजात पंख कापलेल्या, हवेने गुदमरून खाली पडलेल्या. त्यांनी पहिल्यांदा एक घार पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली तेव्हा तिकडे म्हणाले हा पक्षी मांसाहारी आहे, आम्ही घेत नाही! मी तिथे पॉज करून नवऱ्याला परत दाखवलं.

ओढ्याकाठी, तुमच्या प्रश्नासाठी हाच घ्या, कारण त्यातही व्हिलन नाही. दोघं भाऊ घारींवर टाके घालतायत, बाहेर शहर आपलं चाललंय, आणि कचऱ्याच्या डोंगरावर हजारो घारी. गिधाडांचं काम आता थोडंफार घारी आणि कुत्री करतायत असं मला तो बघताना वाटत राहिलं.

तांबडी_माती

आम्ही श्रीवर्धनकडचे. म्हसळ्याजवळ चिरगावला अजून गिधाडं आहेत, पांढऱ्या पाठीची, उंच झाडांवर घरटी करतात. गावातली लोकं आणि पक्षीमित्र मिळून सांभाळतात, मेलेलं ढोर आधी विचारपूस करून, औषध दिलं होतं की नाही बघून, ठरलेल्या जागी नेऊन ठेवतात. नाशिककडे हरसूल भागातही असं गिधाडांचं हॉटेल चालवतात. पण निसर्ग वादळात, जून २०२० ला, आमच्याकडची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी आडवी झाली, घरटी करायला शंभर वर्षांची झाडं आता आणायची कुठून. आणि दुसरं म्हणजे गुरंच राहिली नाहीत. वाड्यात पाच-सहा गुरं असायची तिथे आता बाईक लावतात. औषध बंद केलंत, झाडं लावलीत, तरी खायला काय घालणार? आमच्याकडे हा प्रश्न आहे, यात व्हिलन कोण ते तुम्हीच ठरवा.

जाणार असाल तर आधी वनखात्याला विचारून जा, विणीच्या काळात झाडाखाली गर्दी करू नका. मोबाईल घेऊन घरट्याखाली उभी राहणारी माणसं पाहिली की डोकं फिरतं.

टवाळ_पोरगं

च्यायला मी जटायू गमतीत लिहिलं होतं, धागा कुठच्या कुठे गेला. सातारकर काका, एक खरंच विचारायचंय, आता गावात कुणी विचारतं का की ढोराला काय टोचलं होतं?

पशुवैद्य_सातारकर

नाही विचारत. मेडिकलवाल्यालाच फोन लावतात, तो देतो ते टोचतात. तू तुझ्या गावात विचारून बघ आणि इथे लिही.

ओढ्याकाठी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. जटायू आणि 'गिधाडे' शेजारी-शेजारी आणि शेवटी घारींचा सिनेमा असं ठरवलंय. भीमथडी, तुमचं वाचून मी माझं पहिलं वाक्य परत वाचलं. खरंच, टाकायचं कोण हे मी चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ते ग्रुपमध्ये तुमचा उल्लेख करून सांगेन, चालेल ना?

आणि काल रात्री वडिलांना फोन केला. आमचा सर्जा बैल गेला तेव्हा काय टोचलं होतं विचारलं. त्यांना सगळं आठवत होतं, डॉक्टर कोणत्या गाडीवरनं आले, पावसाने रस्ता कसा बंद होता, इंजेक्शननंतर सर्जाने कशी मान उचलून पेंड खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कसा गेला. मग मी विचारलं, तिकडे टाकल्यावर गिधाडं आली होती का. बराच वेळ बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, आली असतील की गं, तेव्हा यायचीच.