एड, असिस्टन्स, रिलीफ : तिन्हींना 'मदत'च म्हणायचं का?

भाषांतरवाली
एका आरोग्य प्रकल्पाच्या अहवालाचं मराठी करते आहे. यूएसएड या परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या पैशावर चाललेला हा प्रकल्प 2025 मध्ये बंद पडला. त्यात राबलेल्या गावोगावच्या बायकांना तो का बंद पडला हे वाचता यावं, म्हणून हे भाषांतर. एकाच परिच्छेदात 'एड', 'असिस्टन्स' आणि 'रिलीफ' असे तीन शब्द आहेत, आणि लेखकाने ते वेगवेगळ्या अर्थानेच वापरलेत. मी मदत, साहाय्य आणि मदतकार्य असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी तिन्हीकडे 'मदत' केलं. संस्थेचं नाव मी 'अमेरिकेची आंतरराष्ट्रीय विकास संस्था' असं दिलं होतं, तेही खोडून 'अमेरिकेचं परदेश मदत खातं' केलं. पैसे कुठून आले एवढं कळलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नेमकं सांगता येत नाहीये.

पोथीनिष्ठ
'साहाय्य' असं लिहिलंत म्हणून आधी आभार. सहाय म्हणजे पाठीशी उभा राहणारा, त्याचं भाववाचक नाम साहाय्य. 'सहाय्य' हा शब्दच नाही, पण सरकारी फलकांवर सर्रास दिसतो.

आता मुद्दा. या संस्थेमागचा अमेरिकी कायदा 4 सप्टेंबर 1961 चा, त्याच्या नावात 'असिस्टन्स'. त्याच्या आधारे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी 3 नोव्हेंबरला संस्था उभी केली, तिच्या नावात 'डेव्हलपमेंट'. आणि 'यूएस'पुढच्या आद्याक्षरांचा उच्चार 'एड'. तीन शब्द तीन ठिकाणी ठेवलेत ते विचार करूनच ठेवलेत. ते सपाट करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. एक सुचवतो : 'एजन्सी'ला संस्था नको, 'अभिकरण' लिहा. संस्था काय, पतसंस्थाही असते.

माळावरचा
अभिकरण कोण वाचणार? ज्या बायकांसाठी लिहिताय त्यांच्यातल्या एकीने तरी हा शब्द आयुष्यात ऐकलाय का? मदत हा शब्द अरबीतून आला म्हणून हलका होत नाही. दुष्काळ पडला की लोक 'सरकारी मदत' म्हणतात, 'साहाय्य' फक्त अर्जाच्या मथळ्यात असतं.

आमच्या घरी एक पोतं होतं, आजी त्याचं पायपुसणं करून वापरायची. त्यावर हातात हात घेतलेलं चित्र होतं, आणि खाली इंग्रजीत काही तरी. मी इंग्रजी शिकल्यावर ते वाचलं : अमेरिकेच्या जनतेकडून भेट, विकण्यासाठी नाही. आजी त्या पोत्याला 'मदतीचं पोतं' म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळातली मिलो, म्हणजे लाल ज्वारी, त्यातूनच आली होती असं ती सांगायची. तेव्हा मदत हाच शब्द लोकांनी केव्हाच निवडलेला आहे.

जुनं दप्तर
आजींच्या आठवणीला धक्का लावायचा नाही, पण दोन गोष्टी मिसळल्यात. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर 1971 मध्ये, अमेरिकेने भारताची आर्थिक मदत थांबवली होती. त्यामुळे बहात्तरची लाल ज्वारी 'मदत' म्हणून आली असं धरून चालता येणार नाही. पोत्यावरची भेट वेगळी, रेशनवरचं धान्य वेगळं.

त्याच्या आधीचा पीएल 480 चा, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी कायद्याखाली येणारा गहूसुद्धा बहुतांशी फुकट नव्हता. 1954 च्या त्या कायद्याखाली तो आपल्याला रुपयांत विकला जायचा आणि ते रुपये अमेरिकेच्या नावावर इथेच साठत जायचे. 1974 मध्ये त्या साठ्यातले 1,664 कोटी रुपये अमेरिकेने एका चेकने भारताला परत दिले. मग गहू मदत होता, की चेक मदत होता? मला वाटतं, शब्दाचं उत्तर या प्रश्नातच आहे. रुपये मोजून घेतलेल्या धान्याला आपण सगळे वर्षानुवर्षं मदत म्हणत आलो.

माळावरचा
आजी ज्वारीबद्दल चुकली असेल. शब्दाबद्दल चुकली नाही. उपाशी माणसाला वेळेवर मिळालेलं धान्य ही मदतच, पावती कुणाच्या नावाने फाटली ते नंतर.

तगाईवाला
आपल्याकडे यासाठी शब्द होता, तगाई. दुष्काळात सरकार शेतकऱ्याला बी-बैलांसाठी द्यायचं आणि पुढे वसूल करायचं. मूळ अरबी 'तकावी', म्हणजे बळ देणं. बुलेट ट्रेनसाठी जायका या जपानच्या सरकारी संस्थेने 0.1 टक्का व्याजाने, 50 वर्षांच्या मुदतीवर कर्ज दिलं, आणि बातम्यांत ते 'जपानच्या मदतीने' असं येतं. ही सरळ तगाई आहे. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने 1969 मध्ये 'अधिकृत विकास साहाय्या'ची कल्पना ठरवली तेव्हा सवलतीचं कर्जही त्यात धरलं होतं. म्हणजे त्यांच्या साहाय्यात दान आणि तगाई दोन्ही बसतात.

सैन्य पाठवलं तर कुमक, शेजारी बैल घेऊन नांगरायला आले तर इर्जिक, आज तू माझ्या शेतात आणि उद्या मी तुझ्या, ती सावड. इतकी बारकाई असलेल्या भाषेत सगळीकडे 'मदत' लिहायचं, याचं मला वाईट वाटतं.

पोथीनिष्ठ
तगाई आज कोणाला कळते? हाच आक्षेप अभिकरणावर घेतला होता ना!

उमलती
सगळे मदतीवर भांडताहेत, मला खरी अडचण 'विकास' या शब्दाची वाटते. वि + कस्, म्हणजे उमलणं. कळीचा विकास होतो, कोणी तिच्या पाकळ्या ओढून तो करत नाही. क्रियापद मुळात अकर्मक आहे. 'आंतरराष्ट्रीय विकास' वाचलं की मराठी माणसाला वाटतं, राष्ट्राराष्ट्रांतल्या संबंधांचा विकास. इंग्रजीत अर्थ आहे दुसऱ्या देशाला पुढे आणणं. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने 2012 मध्ये आपलं असं खातं काढलं तेव्हा 'विकास भागीदारी' हा शब्द घेतला. देणारा वर आणि घेणारा खाली असं त्यात ऐकू येत नाही, म्हणून मला तो आवडतो.

दूरदेशी
आणि कृपा करून 'ह्युमॅनिटेरियन एड'ला 'मानवतावादी मदत' लिहू नका. वाद ही विचारसरणी असते. तंबू आणि ताडपत्री मानवतावादी कशी असेल? 'माणुसकीच्या नात्याने दिलेली' म्हणा, लांब पडलं तरी चालेल.

जुनं दप्तर
वर्तमानपत्रांत तीस वर्षं हाच शब्द चाललाय, आता तो रूढ आहे. रूढीपुढे व्युत्पत्तीचं काय चालणार?

पोथीनिष्ठ
चूक तीस वर्षं चालली म्हणून बरोबर ठरत नाही.

भाषांतरवाली
काल कच्चा मजकूर घेऊन त्या प्रकल्पातल्या एका ताईंकडे बसले होते. अंगणवाडीत मदतनीस आहेत. 'मदत' वाचून त्यांनी विचारलं, "म्हंजे हे पैसे परत द्यायचे व्हते का?" 'साहाय्य' वाचूनही तेच विचारलं. 'अनुदान' म्हटल्यावर मात्र लगेच म्हणाल्या, "मग बंद होनारच कधी तरी." यूएसएडचा कारभार 1 जुलै 2025 ला अधिकृतपणे थांबला, उरलेलं काम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेलं, हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, खात्यात गेलं ना, मग बंद कसं? आता 'खातं' लिहायलाही हात धजत नाही. मजकूर उद्या द्यायचाय. रिलीफचं काय करू?

तगाईवाला
मदतनीस! यातला 'नीस' कुठला? फडणीस, चिटणीसमधला 'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. मदतनीस तर काही लिहीत नाही.

माळावरचा
आमच्या अंगणवाडीतली लिहायची. सेविका रजेवर असली की हजेरी, वजनं, सगळं तीच.

पोथीनिष्ठ
नवीसशी संबंध उरलेला नाही. कारकुनी हुद्द्यांच्या धर्तीवर मागाहून जोडलेला प्रत्यय असावा. वारनीस घ्या, तोही

उमलती
वारनीस तर इंग्रजी आहे!