काउन्सेलर निवडायला लंडन-मँचेस्टर, जोडून पुणे पण करू का?

पोकोनोवाली
नमस्कार मंडळी, मी पेनसिल्व्हेनियात वेन काउंटीतल्या एका समर कॅम्पच्या ऑफिसात काम करते. दरवर्षी आमचा डायरेक्टर स्वतः इंग्लंडला जाऊन काउन्सेलर, म्हणजे कॅम्पवर मुलांना सांभाळणारी तरुण मंडळी, निवडून आणतो पण यंदा त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून फेब्रुवारीत मला पाठवतोय. लंडन आणि मँचेस्टरला भरती मेळावा, एका टेबलावर दिवसभर बसायचं, एकेक पोर दहा मिनिटं. मी आजवर फक्त फॉर्म तपासलेत, माणसं नाही! दहा मिनिटांत कसं ओळखायचं? आणि दुसरं, तसंच पुढे पुण्याला जाऊन आठवडाभर तिथली ट्रेकिंगवाली मुलं बघावी असं डोक्यात आहे, माहेरही होईल 😄 कुणी केलंय का असं?

टेबल_नंबर_१७
ताई, आठ वर्षं हेच केलंय. आधी एक सांगा, पासपोर्ट कुठला? इंडियन असेल तर ग्रीनकार्ड असूनही यूकेचा व्हिजिटर व्हिसा लागतो, त्याचा अर्ज आत्ताच टाका.

आता दहा मिनिटं. पोहता येतं का, गिटार येते का यात वेळ घालवू नका, ते फॉर्मवर असतं. मी एकच प्रसंग द्यायचो, रात्री दोन वाजलेत, केबिनमधे बारा पोरं, त्यातला नऊ वर्षांचा एक रडतोय, काय करशील? बहुतेक जण भाषण देतात, मी त्याला धीर देईन, विश्वासात घेईन वगैरे. एक पोरगी म्हणाली आधी हळूच विचारेन अंथरूण ओलं झालंय का, आणि बाकीच्यांना कळू न देता चादर बदलेन. तिथल्या तिथे घेतली. तीन सीझन आली ती. धाकटी भावंडं सांभाळलेली, छोट्यांच्या फुटबॉल टीमला शिकवलेली पोरं टिकतात, नुसती हौशी प्रवासी दुसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कची बस शोधायला लागतात.

अजून एक, सगळे कॅम्पवाले तळ्याचे नि सूर्यास्ताचे फोटो लावतात. मी केबिनच्या बाथरूमचा फोटो पण ठेवायचो. दिवसभर फोन मिळणार नाही, आठवड्याला एकच सुट्टी, पाऊस पडला की चार दिवस चिखल, हे तोंडावर सांगायचं. काही जण उठून जातात, जाऊ द्यावेत, जुलैत गेले तर जास्त महाग पडतं.

नियमावली_काका
पुण्याबद्दल जरा थांबा. तुम्ही मुलं पसंत कराल पण जे-१ (काउन्सेलर ज्यावर अमेरिकेत येतात तो व्हिसा) साठी लागणारा डीएस-२०१९ कागद कॅम्प स्वतः देत नाही, स्टेट डिपार्टमेंटने (अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने) मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्थाच देते, आणि समोरासमोर मुलाखत, शिक्षक किंवा मालकाचं शिफारसपत्र ही तिची जबाबदारी असते. तेव्हा तुमच्या स्पॉन्सरचं भारतात कुणी आहे का ते आधी विचारा, नाहीतर ती नुसती माहेरची चक्कर (त्यात वाईट काही नाही म्हणा). वय किमान १८, मुक्काम जास्तीत जास्त चार महिने. आणि काउन्सेलर म्हणून आणलेल्या पोराला भांडी घासायला किंवा स्वयंपाकाला लावायचं नाही, किचनची माणसं वेगळ्या जे-१ प्रोग्रामवर येतात.

सगळी अंडी इंग्लंडच्या टोपलीत पण नकोत हं. २०२० च्या जूनमधे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं प्रोक्लमेशन (हुकूम) आलं आणि जे-१ काउन्सेलरांना दारच बंद झालं, ते मार्च २०२१ संपेपर्यंत. २०२५ मधे तर ऐन मे अखेरीस नव्या व्हिसा अपॉइंटमेंट तीनेक आठवडे थांबवल्या होत्या. पाच-सहा स्थानिक पोरं राखीव ठेवा.

सह्याद्रीतला_भटक्या
मी पुण्याहून काउन्सेलर म्हणून गेलेलो, दोरावरच्या चढाईसाठी, उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालेला त्यामुळे ते काम जमलं. पण पहिल्या वर्षी व्हिसाच नाकारला, कलम २१४(बी), म्हणजे परत येशील याची खात्री नाही. दुसऱ्या वर्षी शेवटचं वर्ष बाकी असल्याचं कॉलेजचं पत्र घेऊन गेलो तेव्हा झालं. त्यामुळे मुलांना व्हिसा नक्की मिळेल असं चुकूनही सांगू नका. व्हिसाची फी १८५ डॉलर अधिक सेव्हिसचे (जे-१ वाल्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५, नाकारलं तर १८५ गेले, घरच्यांना ते आधी कळायला हवं.

खरा घोळ तारखांचा आहे. तुम्हाला स्टाफ जूनच्या मध्यावर ट्रेनिंगला लागतो आणि आपल्या युनिव्हर्सिटीचे पेपर कधी सरकतील देवालाच माहीत. स्कॉटलंडची पोरं बरी, त्यांचं मे मधेच उरकतं.

टेबल_नंबर_१७
+१ स्कॉटलंडला. ऑस्ट्रेलियावाल्यांचं उलटं, येतात वेळेवर पण त्यांचं दुसरं सेमिस्टर जुलै अखेरीस सुरू होतं, मग ऑगस्टपर्यंत थांबतोस का हे लिहून घ्यावं लागतं.

पोकोनोवाली
अरे बापरे, अंथरुणाचा प्रश्न चोरतेय हं. स्पॉन्सरला मेल केला, त्यांचं भारतात कुणी नाही, म्हणजे पुणे यंदा नुसतं माहेर. आणि हो, पासपोर्ट इंडियनच. नवरा म्हणतोय अगं ग्रीनकार्ड आहे ना, मग कसला व्हिसा. आत्ता रात्री साडेअकराला दोघं बसून यूकेचा फॉर्म भरतोय, गेल्या दहा वर्षांचे सगळे परदेश दौरे तारखांसकट विचारलेत आणि जुना पासपोर्ट सापडत नाहीये.