'बिऱ्हाड', 'खोली', 'जागा' : मुंबईकर 'घर' नेमके कशाला म्हणत होता?

लालबागकर :

आमची लालबागमधील खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत कागदांचे एक पुडके सापडले. त्यात १९३४ पासूनच्या भाडेपावत्या आहेत, रेशनकार्डे आहेत, आत्याच्या लग्नाच्या वेळचा पत्रव्यवहार आहे आणि आजोबांनी राजापूर तालुक्यातल्या गावी धाडलेली पोस्टकार्डेही आहेत. ही पोस्टकार्डे आजीने पुढे कधीतरी गावाहून मुंबईला परत येताना जपून बरोबर आणली असावीत. या पुडक्यावर मी आता विकासकाशी झालेल्या कराराची प्रत ठेवली आहे. सगळे कागद ओळीने वाचल्यावर असे लक्षात आले, की दहा बाय बाराची ती वास्तू तीच असली तरी तिचे नाव दर पिढीला बदलत गेले आहे आणि 'घर' हा शब्द मात्र या कागदांत तिच्यासाठी एकदाही आलेला नाही. 'घर' येते ते केवळ गावच्या घरासाठी : घराची शाकारणी झाली का, घराच्या मागच्या पडवीची भिंत खचली ती उभी केली का, वगैरे.

आजोबा गिरणीत लागले तेव्हा प्रथम गावमंडळाच्या खोलीत राहत होते. कोकणातल्या एकेका गावाच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेल्या अशा खोल्या गिरणगावात पुष्कळ होत्या. तेथे माणसाच्या वाट्याला ट्रंक ठेवण्यापुरती भिंत आणि पाळीप्रमाणे अंथरूण टाकण्यापुरती जमीन येई, आणि जेवण खानावळीत. १९२१ च्या सुमारास मुंबईत जवळपास दोन पुरुषांमागे एक स्त्री होती, हे लक्षात घेतले म्हणजे या खोल्यांचे प्रयोजन कळते. पुढे १९३४ मध्ये आजोबांनी स्वतंत्र खोली घेतली आणि आजीला आणले. त्या वेळच्या कार्डातील वाक्य असे आहे : 'या महिन्यापासून बिऱ्हाड केले.' येथे 'बिऱ्हाड करणे' म्हणजे केवळ भाड्याने जागा घेणे नव्हे, तर बायकोला आणून चूल मांडणे होय. एकटा पुरुष कितीही वर्षे खोली भाड्याने घेऊन राहिला, तरी त्याचे बिऱ्हाड झाले असे कोणी म्हणत नसे.

या शब्दाचे नाते कन्नडमधील 'बिडार' या शब्दाशी जोडतात आणि त्याचा अर्थ तळ, मुक्काम असा आहे. मराठीतही विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. तेव्हा संसार या शहरात आणि शब्द मात्र मुक्कामाचा, अशी ही रचना आहे. आजोबा निवृत्त होऊन गावी परतेपर्यंत तीस-बत्तीस वर्षे तेथे राहिले, तरी पत्रांत अखेरपर्यंत 'बिऱ्हाडी सर्व खुशाल' असेच लिहीत होते.

भाडेपावत्यांत अर्थातच 'खोली नंबर' आहे. घरमालकाच्या मेहताजींच्या, म्हणजे कारकुनाच्या, वहीत कुटुंबाला नाव नव्हते, नंबर होता. वडिलांच्या बोलण्यात हाच शब्द रुळला. १९६० नंतरच्या कागदांत मात्र आणखी एक शब्द अचानक वर येतो, तो म्हणजे 'जागा'. आत्याच्या लग्नासंबंधीच्या एका पत्रात एका नातेवाइकाने मुलाची माहिती कळवताना शिक्षण आणि नोकरी यांच्याही आधी 'मुलाची स्वतःची जागा आहे' असे लिहिले आहे. भारतातील अन्य कोणत्याही शहरात हे वाक्य विवाहविषयक पत्रात इतके वर चढले असते की नाही, याची मला शंका आहे. आणि आता हातात असलेल्या करारात या सगळ्यांची 'सदनिका' झाली आहे, जो शब्द आमच्या घरात अद्याप कोणीही मोठ्याने उच्चारलेला नाही.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे, की 'बिऱ्हाड'पासून 'जागा'पर्यंतचा हा बदल केवळ आमच्या कुटुंबातला आहे की सर्वत्र असाच झाला? तसेच 'चाळ' हा शब्द मुळात इमारतीचाच आहे काय, आणि डोक्यावरची 'पगडी' व खोलीच्या हक्कापोटी द्यावयाची 'पागडी' एकच काय, यांवरही प्रकाश टाकावा.

नाशिककर :

फक्त 'चाळ'विषयी लिहितो. आमच्या भागात कांदा साठवण्यासाठी जी लांबट, हवेशीर, कप्प्याकप्प्यांची शेड उभारतात तिला 'कांदाचाळ' म्हणतात, आणि तेथे माणसांच्या वस्तीचा काही संबंध नाही. तेव्हा एका ओळीत मांडलेल्या सारख्या कप्प्यांची लांब बांधणी हा या शब्दाचा गाभा असावा, असे मला वाटते. नर्तकीच्या पायांतले घुंगरांचे चाळ पुल्लिंगी आहेत आणि ही चाळ स्त्रीलिंगी, परंतु तेथेही एका दोरीत ओवलेले सारखे नग आहेतच. हे साम्य व्युत्पत्ती म्हणून मांडत नाही, निरीक्षण म्हणून नोंदवतो.

गिरगावकर :

लालबागकरदादा, आपले निरीक्षण गिरगावालाही बऱ्याच अंशी लागू पडते, मात्र आमच्या पांढरपेशा चाळींत 'बिऱ्हाड' हा शब्द फार उशिरापर्यंत टिकून होता, कारण तो मोजण्याचे एकक होता. 'एका माळ्यावर आठ बिऱ्हाडे' असे आम्ही म्हणत असू. आठ खोल्या किंवा आठ कुटुंबे असे म्हणत नसू. एका बिऱ्हाडात चार माणसे असोत की चौदा, गणपतीची वर्गणी बिऱ्हाडामागे घेतली जाई. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून चाळ हे वर्गणीचे क्षेत्र आणि बिऱ्हाड हे तिचे एकक अशीच व्यवस्था गिरगावात दिसते.

'माळ्यावर' या शब्दाकडेही लक्ष वेधते. पुणेकर 'मजल्यावर' राहतो आणि मुंबईकर 'माळ्यावर'. मजला हा अरबी 'मंझिल'चा वंशज आहे. कोकणात माळा म्हणजे छपराखालची सामान ठेवण्याची जागा, आणि गुजरातीत 'माळ' म्हणजे थेट मजला. घरमालक बहुधा गुजराती आणि भाडेकरू बहुधा कोकणी, त्यामुळे मुंबईच्या माळ्याला दोन्हीकडचे अर्थ चिकटले असावेत. घोटाळा असा झाला, की आम्ही तिसऱ्या माळ्यावर राहत होतो आणि आमच्या खोलीतही एक माळा होता. मग आतल्याला 'पोटमाळा' म्हणणे आले. हे 'पोट' मुंबईने फार कामाला लावले. पोटमाळ्यावर पोटभाडेकरू झोपत असे, आणि त्याच्याकडून मिळणाऱ्या दहा-पंधरा रुपयांत मूळ भाडेकरूचे भाडे भागत असे.

स्त्रियांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द 'मोरी' होय, आणि तो तुमच्या कागदांत नसणार, कारण मोरीविषयी कोणी पत्र लिहीत नाही. रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधतात तीही मोरीच. ज्याला गावी 'न्हाणी' म्हणजे न्हाण्याची जागा म्हणत, तिला मुंबईत सांडपाण्याच्या वाटेचे नाव मिळाले. दोन-तीन फुटांच्या त्या कोपऱ्यात भांडी, धुणे आणि अंघोळ हे सर्व होत असे. माझ्या आईची अंघोळ पुरुष कामावर गेल्यानंतर, दार लोटून, पडद्याआड उरकत असे. आम्ही १९५८ मध्ये दादरला 'ब्लॉक'मध्ये राहावयास गेलो, तेव्हा आईने नातेवाइकांना प्रथम काय सांगितले असेल, तर 'संडास आत आहे आणि बाथरूमला कडी आहे'. 'ब्लॉक' हा शब्द आता जवळजवळ गेलाच. एके काळी तो उच्चारताना मान किंचित ताठ होत असे. १९६३ च्या कायद्यानंतर 'ओनरशिप' आली आणि ब्लॉकचा 'फ्लॅट' झाला. आता तर लोक घराचे नावही न घेता 'वन बीएचके' एवढेच सांगतात.

एक वकील, फोर्ट :

'पागडी'बद्दल लिहितो. मराठीत शिरोभूषणाचे प्रचलित रूप 'पगडी' किंवा 'पागोटे' असे आहे. गुजरातीत 'पाघडी' या शब्दाला शिरोभूषण आणि जागेच्या हक्कापोटी द्यावयाची रक्कम असे दोन्ही अर्थ आहेत. पेढीच्या आणि जागेच्या व्यवहाराची भाषा मुंबईत प्रामुख्याने गुजराती असल्याने मराठीतील 'पागडी' त्याच वाटेने आली असावी. पुणेरी पगडीशी तिचा संबंध आहे तो आतेभावाचा, सख्ख्या भावाचा नव्हे.

शब्दाला मुंबईत जे वजन आले ते मात्र कायद्यामुळे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी साधारणतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाड्याव्यतिरिक्त रक्कम घेणे हा गुन्हा ठरवला. भाडे गोठले, किमती मात्र वाढत राहिल्या, आणि या दोहोंतील अंतर ज्या रकमेने भरून निघू लागले ती पागडी. खोली हस्तांतरित होताना जुना भाडेकरू नव्याकडून पागडी घेई, त्यातील वाटा मालकाला देई, आणि मग पावती नव्या नावावर होई. या रकमेची पावती मात्र कोणी देत नसे. जवळजवळ अर्धे शतक लक्षावधी व्यवहार अशा रीतीने झाले. अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने अशी रक्कम घेण्यास मुभा दिली.

यातच लालबागकरांच्या 'जागे'चे उत्तर आहे असे मी समजतो. पागडीच्या व्यवहारात वास्तू विकली जात नाही, कारण ती मालकाची असते. विकला जातो तो तेथे असण्याचा हक्क. भाडेकरू 'माझे घर' म्हणू शकत नव्हता आणि 'भाड्याची खोली' म्हणणे त्याला कमीपणाचे वाटत होते, कारण त्याने तिच्यासाठी रोख मोजलेली होती. 'जागा' हा शब्द दोहोंच्या मधला आहे. मालकी न सांगता ताबा सांगण्यासाठी इतका अचूक शब्द कायद्याच्या पुस्तकातही मला आढळलेला नाही.

वरळीकर :

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मूळ विधानाला माझी हरकत आहे. मुंबईकर खोलीला घर म्हणत नव्हता, हे विधान ज्याचे गावी घर होते त्याच्यापुरते खरे आहे. माझे पणजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आले. शाकारण्याजोगे छप्पर तेथे नव्हते आणि परतण्याची ओढही नव्हती. आमच्याकडे बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे सरकारी विकास खाते) चाळीतील एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीला पहिल्या दिवसापासून 'घर'च म्हणत आले आहेत आणि गावाला 'गाव' किंवा नुसते 'तिकडे'.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या : तळमजला अधिक तीन माळे, दर माळ्यावर वीस खोल्या. भेदाभेद तेथेही होता, अमुक समाजाची वस्ती अमुक नंबरच्या चाळीत अशी विभागणी आजही वृद्धांना तोंडपाठ आहे. तरीही नळ दाराशी होता आणि पाण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी.आय.टी. (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत अनेक वर्षे राहिले. पुढे दादरला त्यांनी पुस्तकांना पुरेल असे 'राजगृह' बांधले, तेव्हा आमच्या वस्तीतील माणसांना ते नाव वाड्याचे वाटले नाही, घराचेच वाटले, असे आजी सांगत असे. 'बिऱ्हाड' हा शब्द तिच्या तोंडी मी ऐकलेला नाही. मुक्कामाचा शब्द वापरण्यासाठी परतण्याचे ठिकाण असावे लागते.

लालबागकर :

वरळीकरांची हरकत मी पूर्णपणे मान्य करतो. 'मुंबईकर' हा शब्द मी फार सैलपणे वापरला होता. वकीलसाहेबांचे विवेचनही पटले. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या माळ्यावरील अनेकांनी खोल्या दिल्या आणि ते डोंबिवली-विरारकडे गेले, त्या वेळी वडीलधारी मंडळी 'त्यांनी जागा सोडली' असेच म्हणत. 'विकली' हा शब्द मी लहानपणी ऐकलेला नाही.

करारातील एका शब्दाची भर घालतो. आम्हांला किती 'चटई क्षेत्र' मिळणार हे त्यात लिहिले आहे. या शब्दात चटई आली ती इंग्रजी 'कार्पेट एरिया'च्या भाषांतरातून. परंतु आमच्या खोलीत रात्री खरोखरच किती चटया मावतात यावरूनच कोणी गॅलरीत झोपायचे ते ठरत असे, त्यामुळे वडिलांना हा एकच पारिभाषिक शब्द कोणी समजावून सांगावा लागला नाही.

गिरगावकरताईंनी मोरीविषयी लिहिले, त्यावरून पुडके पुन्हा काढून पाहिले. आजीला लिहिता येत नव्हते. तिने सांगायचे आणि वडिलांनी लिहायचे अशी पद्धत होती. टपालात न पडलेले असे एक कार्ड पुडक्यात आहे, आणि त्यावरील डाग मी शाईचा समजून सोडून दिला होता. उजेडात धरल्यावर दिसले, की वडिलांच्या मुलासारख्या अक्षरांत 'घरात पाणी सकाळी एकच तास येते' असे लिहिलेले आहे, 'घरात' हा शब्द आजोबांच्या टाकाने खोडलेला आहे आणि वर त्यांच्या वळणदार अक्षरात 'बिऱ्हाडी' असे घातलेले आहे.